स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक



टिळक म्हटले की आपल्याला लोकमान्य आठवतात. पण महाराष्ट्रात आणखी एक टिळक होऊन गेले. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते मोठे कवी होते आणि फुलामुलांचे कवी म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यांच्या कविता आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी शाळेत पाठ केल्या असतील. आज मात्र त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची हकिकत सांगायची आहे. त्या आपल्या नाशिकच्याच. लहानपणी त्या शाळेत गेल्या नाहीत. तरी त्यांनी असे पुस्तक लिहिले की मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याचे नाव आधी घेतात.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी जलालपूरला झाला. जलालपूर नाशिकजवळच, गोदावरीच्या काठी आहे. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरी सगळे मनू म्हणत. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे भारी वेड होते. बाजारातून घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही, अगदी मीठसुद्धा! आता मीठ धुतले तर उरणार काय? पण वडिलांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. मुलींना सारखे पाण्यात राहावे लागे. कुणाला शिवायचे नाही, कुणाचे खायचे नाही. पुढे लक्ष्मीबाईंनी हे सगळे लिहिले, पण वडिलांवर राग न काढता, हसत हसत लिहिले.

त्याच काळात नाशिक शहराला लागून शरणपूर नावाची ख्रिस्ती वस्ती होती. मिशनरी लोकांनी ती १८५४ च्या सुमारास वसवली. तिथे देऊळ होते, शाळा होती, कारखाना होता. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडली जात. त्यांतून सोडवलेली आफ्रिकेतली मुलेही या शरणपुरात शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट नावाचा मुलगा पुढे आफ्रिकेत गेला आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन यांचे शव १८७४ साली विलायतेला नेले तेव्हा तो सोबत होता. आजही आपण शरणपूर रोड म्हणतो, पण हे नाव कशावरून पडले ते फार थोड्यांना ठाऊक असते. तर मनूच्या घरापासून दोनतीन कोसांवर हे असे जग होते, आणि मनूला त्याचा वाराही लागणे शक्य नव्हते.

१८८० साली, अकरा वर्षांची असताना मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. नवरदेव अठरा वर्षांचे. टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात करजगावचा. आई लहानपणीच वारल्यावर ते घर सोडून नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकले. बुद्धी तीव्र, पण पाय एका जागी ठरायचा नाही. आज मुरबाड तर उद्या नागपूर. कधी न सांगता निघून जायचे. हातात पैसा टिकायचा नाही. आला तर कुणा गरजूला देऊन टाकायचे, नाहीतर पुस्तकांत घालायचे. घरात चूल पेटायची कशी याचा विचार लक्ष्मीबाईंनी करावा. आपल्याकडे अशा माणसाला देवमाणूस म्हणतात, पण देवमाणसाच्या बायकोला काय भोगावे लागते ते कुणी विचारीत नाही.

या टिळकांनीच लक्ष्मीबाईंना लिहायला वाचायला शिकवायला घेतले. त्या काळी मुलगी शिकली तर विधवा होते अशी समजूत होती, म्हणून हे धाडसच होते. पण मास्तर फार तापट. धडा आज सुरू झाला तर उद्या बंद पडायचा. मधेच ते प्रवासाला जायचे. असे रखडत रखडत लक्ष्मीबाईंना वाचता येऊ लागले. अक्षर मात्र बेताचेच राहिले.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला चालले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. बोलता बोलता धर्माचा विषय निघाला आणि त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. टिळक आधीपासून धर्माचा शोध करीत होते. जातिभेदामुळे आपला देश खाली गेला असे त्यांना वाटे. त्यांनी नवा करार वाचायला घेतला. येशू ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन तिथेच गुंतले. दोन वर्षे मनात झगडा चालला. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी घरी आली तेव्हा जो आकांत झाला तो काय सांगावा! आज आपल्याला त्याची कल्पना येणार नाही. त्या दिवसांत धर्म सोडला म्हणजे माणूस जातीला आणि नातेवाइकांना मेल्यासारखाच होई. लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. नवरा जिवंत, पण त्याच्याकडे जाता येत नाही. कपाळाला कुंकू आहे, पण संसार नाही. त्या आजारी पडल्या. सारखे डोळ्यांतून पाणी. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले हेही सांगितले पाहिजे. काही दिवस त्या पंढरपूरला राहिल्या. विठ्ठलाच्या गावात, टाळमृदंगाच्या नादात त्यांनी ते दिवस काढले. याच दुःखात त्या कविता रचू लागल्या. टिळकही तिकडून पत्रे पाठवत, कविता पाठवत. अशी जवळजवळ पाच वर्षे गेली.

टिळक तेव्हा अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवीत होते. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. पण ख्रिस्ती व्हायला गेल्या नाहीत, नवऱ्याजवळ राहायला गेल्या. त्यांनी आपली चूल वेगळी मांडली, पाणी वेगळे भरले, देवपूजा चालू ठेवली. टिळकांनी सक्ती केली नाही. एवढा तापट माणूस, पण या बाबतीत त्यांनी धीर धरला.

मग लक्ष्मीबाई स्वतःच विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने जनावरे केली तेव्हा गाय वेगळी, घोडा वेगळा, बघताक्षणी कळते. माणसामाणसांत तसे काहीच दिसत नाही. मग ही शिवाशिव कुणाची? जलालपूरच्या घरात मीठ धुऊन खाल्लेल्या बाईला हा प्रश्न पडला, हे मला फार मोठे वाटते. त्यांनी सर्वांच्या हातचे खायचे-प्यायचे ठरवले. मन तयार झाले तरी जन्मभराची सवय असल्यामुळे शरीर लगेच तयार होत नाही. त्यांना त्रास झाला, पण त्या मागे फिरल्या नाहीत. १९०० साली त्यांनी व दत्तूने बाप्तिस्मा घेतला. कुणाला हा निर्णय पटेल, कुणाला पटणार नाही. पण तो नवऱ्याच्या हुकुमाने घेतलेला नव्हता, एवढे मात्र खरे.

आता त्या मंडळीत आल्या. ख्रिस्ती लोक देवळातल्या आपल्या समाजाला मंडळी म्हणतात आणि धर्मगुरूला पाळक. रविवारी उपासना असते. गीते गायची, प्रार्थना करायची, शास्त्रातला उतारा वाचायचा, मग पाळकांनी उपदेश करायचा. गीतांचे पुस्तक आणि शास्त्र हातात धरायचे तर वाचता आले पाहिजे. म्हणून देवळाजवळ शाळा असायचीच. मुलांसाठी शब्बाथशाळा, आणि घरोघर जाऊन बायांना अक्षरे शिकवणाऱ्या बायबलबाया. खेड्यापाड्यांतल्या ज्या माणसांना कुणी पाटीला हात लावू दिला नव्हता, ती अशी वाचायला शिकली. नगर शहर तर शिक्षणात पुढेच. सावित्रीबाई फुले यांनीसुद्धा शिक्षिकेचे शिक्षण नगरला मिस फॅरार यांच्याकडे घेतले होते.

पण उपासनेत एक अडचण होती. पुष्कळ गीते इंग्रजीवरून केलेली, चालीही विलायती. शेतात राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात त्या बसायच्या नाहीत. टिळकांनी अभंग, ओवी, पदे रचून ही उणीव भरून काढली. तुकाराममहाराजांचे अभंग त्यांच्या मनात मुरलेले होते. ते टाळ घेऊन भजन करीत, उभे राहून कीर्तन करीत. धर्म बदलला म्हणून माणसाने आपली भाषा, आपला पोशाख, आपले गाणे टाकू नये, असे त्यांचे मत होते. त्यांची गीते महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांत आजही म्हणतात. लक्ष्मीबाईही पुढे कीर्तने करू लागल्या. ज्या बाईने उंबऱ्याबाहेर तोंड उघडले नव्हते ती शेकडो लोकांपुढे उभी राहून निरूपण करू लागली! बोलणे मात्र चुलीजवळच्या बाईचेच राहिले, म्हणून लोकांना ते गोड लागायचे.

त्यांची प्रार्थना देवळात संपायची नाही. दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरी वाढली. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा माणसे सख्ख्या नातेवाइकांनाही टाकून पळत होती. लक्ष्मीबाई आणि टिळक रोग्यांच्या सेवेला गेले. स्वतःला गाठ येईल ही भीती त्यांनाही असेल, पण गेले. घरात तर सदा माणसांची वर्दळ. कवी बालकवी ठोमरे, खानदेशातल्या धरणगावचे, टिळकांच्या घरी राहत. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले. १९१८ साली बालकवी रेल्वे अपघातात गेले आणि दुसऱ्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईला वारले.

लक्ष्मीबाईंना एकावन्नावे वर्ष चालू होते. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणतात तसे, आता माळ ओढायची आणि गप्प बसायचे. पण त्यांचे खरे काम अजून पुढेच होते. मुंबईला त्यांनी मुलींच्या वसतिगृहात नोकरी केली. मग मुलाबरोबर काही वर्षे कराचीला राहिल्या. ते शहर आता पाकिस्तानात आहे. नंतर पुन्हा नाशिकला आल्या.

टिळकांनी ख्रिस्तायन नावाचे ओवीबद्ध काव्य सुरू केले होते. रामायण तसे ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताचे चरित्र. असे काम गोव्यात फादर स्टीफन्स यांनी पूर्वी केले होते. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. ते स्वतः इंग्रज, पण मराठीवर त्यांचा फार जीव. टिळकांचे मात्र सुमारे अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. थोडेथोडके नव्हे, चौसष्ट अध्याय लिहिले. मास्तरांचा धडा सारखा बंद पडायचा, त्या विद्यार्थिनीने मास्तरांचे पुस्तक पुढे नेले.

स्मृतिचित्रे मात्र ठरवून लिहिलेले पुस्तक नव्हे. मुलगा देवदत्त, म्हणजे तो दत्तू, वडिलांचे चरित्र लिहिणार होता. त्याने आईकडे आठवणी मागितल्या. आई जशी बोलायची तशीच लिहीत गेली. त्यात अवघड शब्द नाहीत, उपदेश नाही. नवऱ्याचे गुण सांगितले तसे वेडेपणही सांगितले आणि स्वतःची फजिती तर सगळ्यांत जास्त रंगवून सांगितली. वाचताना हसू येते आणि पुढच्याच पानावर डोळे भरतात. १९३४ पासून त्याचे भाग छापून येऊ लागले. लोकांनी ते आपल्या घरातलेच वाटून वाचले. हिंदू वाचकांनी वाचले आणि ख्रिस्ती वाचकांनीही. पुढे त्याचे इंग्रजीत भाषांतर झाले. शाळेच्या पुस्तकांतही त्यातले उतारे येतात. ज्या पालकांना सवड असेल त्यांनी वाचनालयातून आणून मुलांना मोठ्याने वाचून दाखवावे. रोज चार पाने पुरेत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. ख्रिस्तायनाचा शहात्तरावा, शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर पडला.