थर्ड इयरला बुडालेला टेस्ला परत कॉलेजला का गेला नाही?

इंजिनिअरिंगला वायडी लागली की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, फी भर आणि वर्ष पुन्हा कर. दुसरी म्हणते, त्यापेक्षा एखाद्या वर्कशॉपला लाग, काम शिकशील आणि चार पैसेही मिळतील. या भांडणात कोणीतरी निकोला टेस्लाचं नाव काढतंच. टेस्लाकडे कुठे डिग्री होती?

डिग्री नव्हती हे खरंय. पण ही गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते.

टेस्लाचा जन्म १८५६ चा. गाव स्मिल्यान. आज ते क्रोएशियात आहे, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होतं. घर सर्बियन. वडील मिलुटिन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरू होते आणि पोरानेही तेच व्हावं अशी त्यांची इच्छा होती. पोराला मात्र मशीनचं वेड.

शाळा संपवून निकोला घरी आला आणि त्याला कॉलरा झाला. नऊ महिने अंथरुणाला खिळून होता. पोरगा हातचा जातोय असं वाटायला लागलं तेव्हा वडिलांनी शब्द दिला, की तू बरा हो, तुला चांगल्यातल्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजला घालतो. पोरगा बरा झाला. वडिलांनीही शब्द पाळला. १८७५ मध्ये निकोला शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

पहिल्या वर्षी त्याने धुमाकूळ घातला. पहाटे तीनला उठून रात्री अकरापर्यंत अभ्यास करायचो, असं तो पुढे सांगायचा. लागतात त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे नऊ परीक्षा त्याने पास केल्या. निकाल घेऊन मोठ्या खुशीत घरी गेला. पण वडिलांनी फारसं कौतुक केलं नाही. ते त्याच्या मनाला लागलं.

दुसऱ्या वर्षी फिजिक्सच्या वर्गात प्रोफेसर पॉशल यांनी ग्रामचा डायनॅमो चालवून दाखवला. त्या मशीनमध्ये विजेची दिशा सतत बदलत ठेवायला कम्युटेटर नावाचा भाग असतो. त्यावर ब्रश घासले जातात आणि ठिणग्या उडतात. टेस्लाने विचारलं, हा भाग काढूनच टाकला तर? पॉशल यांनी पुढे अख्खं एक लेक्चर घेऊन हे का शक्य नाही ते वर्गाला समजावलं. टेस्ला गप्प बसला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

त्यानंतर गाडी रुळावरून घसरली. शिष्यवृत्ती बंद झाली. पत्ते आणि बिलियर्ड्सचा नाद लागला. रात्र रात्र जुगार चालायचा. एकदा तर कॉलेजची फी आणि खर्चाला आलेले पैसे दोन्ही त्याने उडवले. थर्ड इयरची परीक्षा आली तेव्हा तयारी शून्य. त्याने मुदत मागितली, ती मिळाली नाही. शेवटच्या सेमिस्टरचे मार्क त्याच्या नावावर कधी लागलेच नाहीत.

आजच्या भाषेत, वायडी.

डिसेंबर १८७८ मध्ये त्याने ग्राझ सोडलं. घरी कळवलं नाही, मित्रांना सांगितलं नाही. तो मूर नदीत बुडाला असावा असं मित्रांना वाटलं. प्रत्यक्षात तो मारिबोरला होता. हे शहर आज स्लोव्हेनियात आहे. तिथे महिना ६० फ्लोरिनवर तो ड्राफ्ट्समनचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात पत्ते कुटायचा.

मार्च १८७९ मध्ये वडिलांनी त्याला शोधून काढलं. साठीला आलेला माणूस प्रवास करून मारिबोरला पोहोचला. घरी चल म्हणून विनवण्या केल्या. निकोलाने नकार दिला.

हा नकार टेस्लाच्या बंडखोरीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण तेव्हा त्याच्यापुढे कसलाही प्लॅन नव्हता. हातात जुजबी नोकरी होती, जुगार सुटलेला नव्हता आणि घरच्यांपासून लपवलेलं सगळं उघडं पडलं होतं.

शेवटी त्याला घरी नेलं ते पोलिसांनी. मारिबोरमध्ये राहण्याचा परवाना नव्हता म्हणून त्याच महिन्यात त्याला पहाऱ्यात गॉस्पिचला धाडण्यात आलं. तिथेच त्याचे आईवडील राहत होते. १७ एप्रिलला वडील वारले.

वडिलांच्या पश्चात त्यांच्या कागदांमध्ये पत्रांचा एक गठ्ठा सापडला. ग्राझच्या प्रोफेसरांची पत्रं होती ती. पोरगा अभ्यासापायी जीव गमावेल, त्याला कॉलेजमधून काढा, असं त्यात लिहिलेलं. वडिलांनी त्याच्या यशाचं कौतुक का केलं नाही, ते टेस्लाला तेव्हा समजलं. बोलायला वडील उरले नव्हते.

काही काळ त्याने गॉस्पिचच्या आपल्या जुन्या शाळेत शिकवलं. जुगाराचा नादही सुटला. त्याचं श्रेय तो आईला द्यायचा. तिने ओरडण्याऐवजी पैशांचं पुडकं हातात ठेवलं होतं, की घरातलं सगळं लवकर हरून मोकळा हो, म्हणजे यातून बाहेर पडशील.

आणि मग टेस्ला खरंच परत शिकायला गेला. हा भाग सहसा कोणी सांगत नाही. १८८० मध्ये मामांनी पैसे जमवून त्याला प्रागला पाठवलं. वडिलांची इच्छा पूर्ण करायची होती. पण प्रवेशाची मुदत उलटून गेली होती, ग्रीक विषय त्याने घेतलेला नव्हता आणि चेक भाषा लिहिता-वाचता येत नव्हती. तो नुसताच वर्गात बसून लेक्चर ऐकायचा. मार्क नाहीत, नोंद नाही.

आपल्यापायी घरच्यांची किती ओढाताण होतेय हे त्याला दिसत होतं. त्याच वेळी बुडापेस्टमध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू होणार अशी बातमी आली. ते काम घरच्या ओळखीतल्या माणसाकडे होतं. १८८१ मध्ये टेस्ला बुडापेस्टला गेला, तर एक्स्चेंज अजून तयारच नव्हतं. मग सरकारी तार ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून कमी पगारावर लागला. एक्स्चेंज सुरू झाल्यावर तिथे मुख्य इलेक्ट्रिशियन झाला. वायरिंग, यंत्रं, बिघाड, दुरुस्ती, सगळं हाताने केलं. वर्गात ऐकलेलं प्रत्यक्षात कसं चालतं ते इथे कळलं.

१८८२ मध्ये मित्रासोबत बागेत फिरताना त्याला पॉशल यांच्या वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर सुचलं. वेगवेगळ्या वेळी चढउतार होणारे एसी करंट मोटारच्या कॉइलमधून सोडले, तर चुंबकीय क्षेत्र स्वतःच गोल फिरतं आणि आपल्यासोबत मोटारचा आतला भाग फिरवतं. कम्युटेटर नको, ठिणग्या नकोत. त्याने काठीने मातीत आकृती काढून मित्राला दाखवली.

त्यानंतरही रस्ता सरळ नव्हता. पॅरिसला एडिसनच्या कंपनीत तो पॉवर स्टेशनचे बिघाड काढायला गावोगाव फिरला. त्याच कामासाठी स्ट्रासबर्गला असताना १८८३ मध्ये त्याने पहिली मोटार बनवली. १८८४ मध्ये न्यूयॉर्कला एडिसनकडे लागला आणि सहा महिन्यांत नोकरी सोडली. स्वतःची कंपनी काढली, तीही हातातून गेली. मग दिवसाला दोन डॉलरवर खड्डे खणले. इतकं शिकून हे काम करावं लागतंय, याचा सल त्याला होता.

१८८८ मध्ये मोटारचं पेटंट मिळालं आणि वेस्टिंगहाऊसने ते घेतलं. १८९६ मध्ये नायगाऱ्याच्या धबधब्यावरची वीज बफेलो शहरात पोहोचली, ती टेस्लाच्या एसी पद्धतीने.

त्यामुळे टेस्लाचं नाव भांडणात दोन्ही पार्ट्यांना घेता येतं. त्याच्या मोटारचा प्रश्न कॉलेजच्या वर्गात पडला होता. उत्तर सापडलं ते टेलिफोनच्या नोकरीत असताना. मारिबोरचं ड्राफ्टिंग आणि बुडापेस्टचं ड्राफ्टिंग, काम तेच होतं. फरक इतकाच, की मारिबोरला तो तोंड लपवायला गेला होता आणि बुडापेस्टला शिकायला.

ज्या ग्राझमध्ये त्याचं वर्ष बुडालं, त्याच कॉलेजने १९३७ मध्ये टेस्लाला मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा तो ८० च्या घरात होता, आणि मिलुटिन यांना जाऊन ५८ वर्षं झाली होती.