उतारवयातील कर्मवीर

तथागतांनी जरेला दुःख म्हटले, ते तिचे खरे स्वरूप दाखवण्यासाठी. तिच्यापुढे हात टेकण्यासाठी नव्हे. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, परंतु स्वतःची पन्नाशी उलटल्यावर तो मनात ठरत नाही. ५८ व्या वर्षी खडू खाली ठेवायचा, आणि मग आपण कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न विश्रामबागेत सायंकाळी फिरताना आम्हा शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार निघतो. अशा वेळी आम्हांस याच मातीतील एका वृद्धाचे चरित्र आठवते.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर विटाळ गेला म्हणून स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला आणि त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पुढे इस्लामपुरात शाळेबाहेर बसवलेला एक मुलगा त्यांना दिसला. त्याला त्यांनी घरी आणले, जेवू घातले आणि त्याच मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’च्या संपादनाची धुरा काही काळ याच घोलपांनी वाहिली आणि ते मुंबई कायदे कौन्सिलाचे सदस्यही झाले.

१९१९ मध्ये विजयादशमीच्या दिवशी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास आली आणि सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवू लागली. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊराव तेव्हा ४३ वर्षांचेही नव्हते. यापुढचे सारे आयुष्य त्यांनी सहचारिणीवाचून, पण शेकडो मुलांच्या गराड्यात काढले.

सामान्य माणूस ज्या वयात कामाची आवराआवर करतो, त्या वयात भाऊरावांनी नवी कामे मांडली. १९४७ मध्ये, साठी उंबरठ्यावर असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तेथे खेड्यातील गरीब मुलगा श्रम करून पदवी मिळवू शकत होता. महात्मा गांधींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प त्यांनी सोडला. पण सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. एकसष्टीच्या घरातला हा माणूस खचला नाही, तो लोकांकडे गेला. ज्वारीच्या मूठभर दाण्यांवर वसतिगृह चालवलेल्याला लोकांपुढे झोळी पसरण्याचा संकोच नव्हता. पुढे अनुदान पुन्हा मिळाले. १९५४ मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले, १९५५ मध्ये शिक्षक घडवणारे आझाद महाविद्यालय साताऱ्यात उभे राहिले.

ही उमेद कोठून आली असावी? आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. आमच्या मते तिचे मूळ श्रद्धेत आहे. मात्र ती नवससायासांची श्रद्धा नव्हे. बुद्धधम्मात श्रद्धा म्हणजे तपासून पाहिलेला विश्वास. शाळेबाहेर बसवलेला मुलगा वर्तमानपत्र चालवू शकतो, हे भाऊरावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. दरवर्षी जून महिन्यात नवी, बुजरी, अनवाणी मुले वसतिगृहाच्या दारात येत आणि तो विश्वास पुन्हा कसाला लागे. ज्याला असा अनुभव आहे, त्याला वाढते वय ओझे वाटत नाही. गेलेल्या प्रत्येक वर्षाबरोबर शिकून बाहेर पडलेल्यांची संख्या वाढते. आनंद त्या वाढीत असतो.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाने डी.लिट. देऊन गौरविले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. तोवर रयतच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडली होती. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वड जसजसा जुना होतो, तसतशा त्याच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि खोड थकले तरी झाड उभे राहते.

आमच्या या निवासी शाळेतही रात्री अभ्यासिकेचे दिवे जळत असतात. आम्ही निवृत्त होऊ, पण दिव्याखाली बसलेल्या त्या मुलांपासून निवृत्त होण्याचे कारण नाही. एखाद्याला गणित अडते, एखाद्याला घरची आठवण येते. त्याच्याजवळ जाऊन बसायला नेमणुकीचा आदेश लागत नाही. कर्मवीरांच्या स्मृतीस अभिवादन करताना आम्ही स्वतःपाशी एवढाच निश्चय करतो.