महात्मा जोतीराव फुले : एक म्युनिसिपल सभासद

महात्मा जोतीराव फुले यांचें नांव घेतलें म्हणजे मुलींची शाळा व सत्यशोधक समाज या दोन गोष्टी विद्यार्थ्यांस चटकन् आठवतात. परंतु इ. स. १८७६ पासून कांहीं वर्षें ते पुणें म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद होते, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. त्या जागीं बसून त्यांनीं काय केलें, तें आपल्या रोहिणखेडच्या मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं जाणून घेण्यासारखें आहे. कारण गांव लहान असो कीं मोठें, सर्वांचा पैसा कोणासाठीं खर्चावा, हा प्रश्न सर्वत्र एकच असतो.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं एका माळी कुटुंबांत झाला. आई त्यांच्या बाळपणींच वारली. वडील गोविंदराव यांनीं लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेंतून काढून मळ्याच्या कामास लाविलें होतें. परंतु गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघां सज्जनांनीं त्यांचें मन वळविलें, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. पुढें अहमदनगर येथील अमेरिकन मिशनच्या मिस फॅरर यांची मुलींची शाळा पाहून त्यांस स्फूर्ति झाली, व १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा घातली. ख्रिस्ती धर्माची दीक्षा त्यांनीं घेतली नाहीं. पण सर्व माणसें एकाच निर्मिकाचीं लेंकरें आहेत, हें तत्त्व त्यांनीं जन्मभर आचरिलें. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. असा मनुष्य म्युनिसिपालिटींत गेला, तो मानासाठीं गेला नाहीं.

त्यांच्या कारकीर्दींत व्हाइसरॉयसाहेबांची स्वारी पुण्यास यावयाची होती. शहर शृंगारण्यासाठीं एक हजार रुपये खर्चावे, अशी सूचना अध्यक्षांनीं मांडली. ही रक्कम गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, असें जोतीरावांचें म्हणणें पडलें. सरकारनें नेमलेल्या सभासदानें सरकारच्याच स्वागतास आड यावें, हें त्या काळीं लहान धाडस नव्हतें. बत्तीस सभासदांत विरुद्ध मत एकट्या जोतीरावांचें पडलें. सूचना मंजूर झाली. पण त्यांनीं आपलें मत फिरविलें नाहीं.

१८८० सालीं शहरांत दारूच्या दुकानांची संख्या वाढूं लागली, तेव्हां त्यांनीं म्युनिसिपालिटीस पत्र लिहून हरकत घेतली. दारूनें शहराची नीति बिघडते व अनेक कुटुंबें धुळीस मिळतात, हें त्यांनीं अधिकाऱ्यांच्या नजरेस आणिलें.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं निवेदन सादर केलें. त्यांत त्यांनीं आपली ओळख व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर अशी करून दिली. सरकारचा महसूल बहुतांशीं शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गास, हा अन्याय त्यांनीं स्पष्टपणें दाखविला, व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली.

मंडईची मोठी इमारत बांधण्याचा बेत निघाला, तेव्हांही त्यांनीं विरोधच केला. इमारतीपेक्षां शिक्षणास पैसा हवा, हाच त्यांचा आग्रह. ती मंडई १८८६ सालीं उभी राहिली, व गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तीस मिळालें. दैवाची गम्मत अशी कीं, पुढें तीच मंडई महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली! नगरानें त्यांचें मत तेव्हां मानिलें नाहीं. माणसाची योग्यता मात्र मागाहून ओळखिली.

१८८८ सालीं जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तरी डाव्या हातानें त्यांनीं आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यांतील कोणी उद्यां ग्रामपंचायतींत बसेल, कोणी नगरपालिकेंत. तेथें हात वर करण्यापूर्वीं, जो मनुष्य त्या सभेंत येऊं शकत नाहीं, त्याची आठवण ठेवा. मग एकटें पडण्याची पाळी आली, तरी भिण्याचें कारण नाहीं.