आपले आणि परके

1940 सालची गोष्ट. दुसरे महायुद्ध सुरू होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ह्या विद्यानगरीत एका घराजवळ एक बाँबफेकी विमान कोसळले. त्यातील एक तरुण सैनिक जिवंत सापडला. परंतु त्याच्या अंगावरील बरीचशी त्वचा जळून गेली होती. त्या घरात पीटर मेडावार हे पंचवीस वर्षांचे प्राणिशास्त्रज्ञ राहत होते. ह्या सैनिकासाठी काही करता येईल काय, असे डॉक्टरांनी त्यांना विचारले. त्या प्रश्नाने मेडावार ह्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लावले.

मेडावार ह्यांचा जन्म 28 फेब्रुवारी 1915 रोजी ब्राझील देशात झाला. त्यांचे वडील मूळचे लेबाननचे व आई इंग्लिश होती. शिक्षणासाठी ते इंग्लंडला आले आणि तेथेच स्थायिक झाले.

भाजलेल्या माणसाच्या जखमेवर त्याच्याच अंगावरची निरोगी त्वचा लावली, तर ती रुजते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण सारे अंगच होरपळले असेल, तर त्वचा आणावी कोठून? दुसऱ्या माणसाची त्वचा लावली, तर ती काही दिवस टवटवीत राही आणि मग सुकून गळून पडे. असे का होते, ह्याचा उलगडा झालेला नव्हता.

तो करण्यासाठी मेडावार ग्लासगो येथील रुग्णालयात गेले. तेथे टॉमस गिब्सन ह्या शल्यविशारदांबरोबर ते काम करू लागले. एका भाजलेल्या स्त्रीच्या जखमांवर त्यांनी काही तुकडे तिच्या स्वतःच्या त्वचेचे लावले, तर काही तिच्या भावाच्या त्वचेचे. तिचे स्वतःचे तुकडे रुजले, भावाचे नष्ट झाले. काही दिवसांनी भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा लावण्यात आले. तेही टिकले नाहीत. एवढेच नव्हे, तर ते पहिल्यापेक्षा पुष्कळच लवकर नष्ट झाले.

दोन्ही प्रयत्न फसले, असे म्हणून एखादा स्वस्थ बसला असता. मेडावार ह्यांचे लक्ष मात्र त्या ‘लवकर’ होण्याकडे वेधले. गोवर एकदा येऊन गेला, की तो सहसा पुन्हा येत नाही. कारण शरीर त्या रोगाची ओळख विसरत नाही. परक्या त्वचेच्या बाबतीतही तसेच घडत असले पाहिजे, हे त्यांनी ताडले. शरीर आपले आणि परके ओळखते व ती ओळख ध्यानात ठेवते. सशांवर अनेक प्रयोग करून त्यांनी हे सिद्ध केले.

मग शरीराला परक्याशी सलोखा शिकवता येईल काय? मेडावार, बिलिंगहॅम आणि ब्रेंट ह्या तिघांनी उंदरांच्या न जन्मलेल्या पिलांना दुसऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. ती पिले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींनी त्या जातीच्या उंदरांची त्वचा परकी मानली नाही. हे संशोधन 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. 1960 मध्ये मेडावार व ऑस्ट्रेलियाचे बर्नेट ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वाट्याच्या रकमेतील भाग मेडावार ह्यांनी दोन्ही सहकाऱ्यांना दिला.

1969 मध्ये त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. शरीर दुबळे झाले, तरी पत्नी जीन ह्यांच्या साहाय्याने त्यांनी संशोधन व ग्रंथलेखन चालूच ठेवले. 2 ऑक्टोबर 1987 रोजी त्यांचे निधन झाले.

मेडावार ह्यांच्या शोधाचा उपयोग मूत्रपिंडाच्या रोग्यांना फार मोठा झाला. 1954 मध्ये अमेरिकेतील बॉस्टन येथे एका रोग्याला त्याच्या जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसवण्यात आले. भाऊ अगदी एकसारखे असल्यामुळे शरीराने ते आपलेच मानले. पुढे शरीराचा विरोध आवरणारी औषधे निघाली आणि इतरांचे मूत्रपिंडही बसवता येऊ लागले.

परंतु बसवलेले मूत्रपिंड जन्मभर पुरेलच, असे नसते. काही वर्षांनी ते निकामी झाले, तर रोग्याला दुसरे लागते. त्या वेळी शरीराची जुनी स्मृती आड येते. पहिल्या परक्या मूत्रपिंडाविरुद्ध तयार झालेली द्रव्ये रक्तात असू शकतात व ती दुसऱ्यावर तत्काळ हल्ला करू शकतात. म्हणून दात्याच्या पेशी आणि रोग्याचे रक्त ह्यांची आधी गाठ घालून पाहतात. विरोध दिसला, तर शक्यतो दुसरा दाता शोधतात. दुसरे मूत्रपिंड सामान्यतः पहिल्याइतके टिकत नाही. तरीही यंत्राने रक्त शुद्ध करून घेत राहणाऱ्या रोग्यांपेक्षा ते मिळालेले रोगी बहुधा अधिक वर्षे जगतात. ग्लासगोच्या रुग्णालयात फसलेल्या दुसऱ्या प्रयत्नाने दाखवलेली वाट अशा अनेक घरांना उपयोगी पडली आहे.