मेंढ्यांच्या रक्तात रोग शोधणारा रॉबर्ट कॉख गाईच्या दुधाबाबत मात्र चुकला

दूध घरात आलं की आधी तापवायचं. ठाकुर्लीतल्या घरी तबेल्याचं येवो की पिशवीचं, हा नियम सहसा कुणी मोडत नाही. पण आजारी गाईच्या दुधातून माणसाला क्षय होतो का, यावर एकेकाळी जगभरातल्या शास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला होता. विशेष म्हणजे, त्या दुधाची फारशी भीती नाही असं सांगणारा माणूस होता क्षयाचा जंतू शोधणारा रॉबर्ट कॉख.

कॉखचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, जर्मनीतल्या क्लाउस्थाल या खाणींच्या गावातला. गटिंगेनमध्ये तो डॉक्टर झाला आणि १८७२ मध्ये वोल्श्टाइन या लहानशा गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून गेला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

त्या भागात मेंढ्या आणि गुरं काळपुळीने, म्हणजे ॲन्थ्रॅक्सने मरत होती. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जंतू दिसतात, हे आधीच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं होतं. पण रोग त्यांच्यामुळेच होतो का? आणि एखाद्या कुरणात वर्षानुवर्षं जनावरं का मरत राहतात? याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

कॉखकडे प्रयोगशाळाही नव्हती. होता तो एक मायक्रोस्कोप. तो पत्नी एमीने भेट दिला होता, असं सांगितलं जातं. रुग्ण तपासून झाले की तो घरातच कामाला बसायचा. मेलेल्या जनावराचं रक्त लाकडाच्या बारीक सळईने उंदरांना टोचायचा. बैलाच्या डोळ्यातल्या द्रवात जंतू वाढवून तासन् तास निरखायचा. तेव्हा त्याला दिसलं की परिस्थिती बिघडली की हे जंतू टणक बीजाणूंचं रूप घेतात. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कुरणाचं कोडं सुटलं.

१८७६ मध्ये त्याने हे प्रयोग ब्रेस्लाऊ इथे प्रा. फर्डिनांड कोन यांना करून दाखवले. अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो, हे इतकं पक्कं पहिल्यांदाच सिद्ध झालं होतं. काळपुळीचा संशय असलेलं मेलेलं जनावर फाडू नये, असं पशुवैद्य आजही बजावतात, त्यामागे हेच कारण आहे. रक्ताला हवा लागली की बीजाणू तयार होतात आणि जमीन दूषित होते.

पुढे यश येत गेलं. १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सापडला. पाठोपाठ इजिप्त आणि कोलकात्यात पटकीवर काम झालं. १८९० मध्ये मात्र मोठी फजिती झाली. क्षयावरचा इलाज म्हणून त्याने आणलेलं ट्युबरक्युलिन रुग्णांना बरं करू शकलं नाही. पण कोणत्या गाईला क्षय आहे, हे त्याच ट्युबरक्युलिनने ओळखता येऊ लागलं. गुरांसाठी ती चाचणी आजही वापरतात.

१८९६ च्या शेवटी कॉख दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला पोहोचला. तिथे बुळकांडीने गुरांचा फडशा पाडला होता. बुळकांडीने मेलेल्या जनावराचं पित्त निरोगी जनावराला टोचून रोगापासून बचाव करायची पद्धत त्याने मांडली. ती निर्धोक नव्हती, पण हाताशी काहीच नसताना तिचा आधार झाला.

ते काम सुरू असतानाच जर्मन सरकारने त्याला मुंबईला पाठवलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला होता. लोक शहर सोडून पळत होते आणि ठाकुर्लीच्या शेजारच्या कल्याण स्थानकात रेल्वे प्रवाशांची तपासणी होत होती. १८९७ मध्ये कॉख जर्मन प्लेग आयोगात सामील झाला.

याच भारतभेटीत तो कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला गेला. तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत गुरांच्या रोगांवर, मुख्यतः बुळकांडीवर काम चाले. ही प्रयोगशाळा मूळची आपल्या पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. पण असे जंतू भरवस्तीत हाताळणं धोक्याचं म्हणून १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. तिथल्या संशोधनातून पुढे बुळकांडीवर लस आली आणि २०११ मध्ये हा रोग जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग.

यानंतर आली ती चूक. १९०१ मध्ये लंडनच्या क्षय परिषदेत कॉखने जाहीर केलं की गाईचा क्षय आणि माणसाचा क्षय वेगळे आहेत. गाईचा जंतू माणसाला क्वचितच बाधतो, त्यामुळे दुधासाठी खास खबरदारीची गरज नाही. यातलं अर्धं बरोबर होतं. दोन्ही जंतू खरंच वेगळे आहेत आणि माणसाला क्षय बहुतेक वेळा माणसाकडूनच, हवेतून होतो. पण उरलेलं अर्धं मुलांच्या जिवाशी खेळणारं होतं.

बोलणारा माणूस इतका मोठा, की विरोध करायलाही पुरावा तेवढाच मोठा लागणार होता. ब्रिटनने त्याच वर्षी चौकशी आयोग नेमला. दहा वर्षं प्रयोग चालले. निष्कर्ष स्पष्ट निघाला: गाईचा जंतू माणसालाही क्षय देतो. विशेषतः लहान मुलांना, कच्च्या दुधातून.

१९०५ मध्ये कॉखला नोबेल मिळालं. १९०८ मध्येही तो आपल्या मतावर ठाम होता. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेन इथे त्याचं निधन झालं. आयोगाचा अंतिम अहवाल आला १९११ मध्ये. तो वाचायला कॉख नव्हता.

मेलेल्या मेंढीच्या रक्तावरून ज्याने माणसांच्या रोगांचं गणित सोडवलं, त्यालाच शेवटी गाय आणि माणूस यांच्यात भिंत आहे असं वाटलं. ती भिंत खोटी निघाली, आणि ती पाडायला त्यानेच शिकवलेली पद्धत कामी आली: अंदाजावर न थांबता प्रयोग करून बघायचा. म्हणून तबेल्यातून आलेलं दूध कितीही ताजं असलं, तरी आधी उकळायचं आणि मगच प्यायचं.