बाळंतिणींचा कैवारी

आमच्या शेजारची मुलगी नर्सिंगला लागली आणि पहिल्याच महिन्यात वैतागून घरी आली. आम्ल, अल्कली, क्लोरीन, द्रावणाची टक्केवारी... पेशंटची सेवा करायची तर हे केमिस्ट्रीचं लचांड कशाला, असा तिचा सवाल. मी पडले आर्ट्सची, मी काय उत्तर देणार? पण वाचनात आलेली एका डॉक्टरांची हकिगत मी तिला सांगितली. गोष्ट बाळंतिणींच्या वॉर्डातली आहे, म्हणून मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते.

त्यांचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. जन्म १ जुलै १८१८चा, हंगेरीतल्या बुडा गावातला. हे बुडा आणि पलीकडचं पेस्ट मिळून पुढे बुडापेस्ट झालं. वडिलांचं किराणा मालाचं दुकान, घरात दहा भावंडं. १८३७ साली मुलगा व्हिएन्नाला गेला तो वकील व्हायला. पण तिथे मन बदललं आणि त्यानं डॉक्टरकी धरली. १८४४ मध्ये पदवी मिळाली आणि १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या विभागात ते सहायक म्हणून लागले. तेव्हा वय अवघं अठ्ठावीस.

तिथे बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. येणाऱ्या बायका गरीब, कितीतरी लग्नाविना दिवस गेलेल्या. कुठल्या वॉर्डात जायचं ते आपल्या हातात नव्हतं, वारावर ठरलेलं असे. १८४६ साली पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणं झाली आणि ४५९ बायका गेल्या. सुईणींच्या वॉर्डात ३,७५४ बाळंतपणं झाली, तिथे गेल्या १०५. म्हणजे शिकल्यासवरलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली शंभरात अकरा आणि सुईणींच्या हाताखाली तीनसुद्धा नाहीत! रोग तोच, आपल्याकडे ज्याला बाळंतरोग म्हणत. बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांत कडकडून ताप, पोट फुगणार, आणि बाई हातची जायची.

बायकांना हे कळत होतं बरं का. पहिल्या वॉर्डाचा वार निघाला की त्या डॉक्टरांचे पाय धरत, रडत, नको म्हणत. काहीजणी मुद्दाम रस्त्यातच बाळंत होऊन मग यायच्या, आणि नवल म्हणजे त्यांच्यात मरण कमी होतं. जे मोठमोठ्या प्रोफेसरांना उमगेना ते या अडाणी बायकांनी ताडलं होतं, असं मला तरी वाटतं.

कारणं सांगायला मात्र कमी नव्हती. हवा दूषित आहे म्हणे. पण दोन्ही वॉर्डांना हवा एकच. गर्दी म्हणावी, तर ती सुईणींकडेच जास्त. सुईणी बाईला कुशीवर बाळंत करत, म्हणून तेही करून पाहिलं. मरणाऱ्या बाईसाठी घंटा वाजवत पाद्री येई, त्याची भीती बसत असेल म्हणून त्याची वाट बदलली, घंटा बंद केली. मरण काही थांबेना.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे मित्र प्रोफेसर कोलेत्स्का वारले. प्रेताची चिरफाड करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि ते हादरलेच. सगळं चित्र बाळंतरोगाचं, आणि माणूस तर पुरुष! मग लख्ख प्रकाश पडला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेतं फाडायचे आणि त्याच हातांनी येऊन बायकांना तपासायचे. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. प्रेतातलं काहीतरी या हातांवरून बायकांच्या अंगात जात होतं. आणि सगळ्यांत उत्साहानं शवविच्छेदन करणाऱ्यांत खुद्द सेमेलवाइस होते. आपल्या हातांनी किती बायका गेल्या असतील, हा विचार त्यांना आयुष्यभर कुरतडत राहिला.

हात धूत नव्हते असं नाही. साबणानं धूत, पण प्रेताचा वास हातांना राहायचाच. वास राहतो म्हणजे ते काहीतरी पण राहतं, असा त्यांनी सरळ हिशेब केला. वास घालवायला त्या काळी क्लोरीन वापरत. मे १८४७ पासून त्यांनी दारातच क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं आणि त्यात हात घासल्याशिवाय कुणीही बाईला हात लावायचा नाही असा नियम केला. ते महाग पडायला लागल्यावर चुन्याचं क्लोरीन आणलं.

हे चुन्याचं क्लोरीन तुमच्या-माझ्या ओळखीचं आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की विस्तवाशिवाय कसा खदखदतो ते आपण पाहिलंय. अशा विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडला की पांढरी, उग्र वासाची भुकटी होते. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती हीच टीसीएल पावडर. पाण्यात पडली की त्यातून एक सौम्य आम्ल तयार होतं, हायपोक्लोरस आम्ल त्याचं नाव. ते दिसेल त्या पदार्थाचे इलेक्ट्रॉन ओरबाडून घेतं, यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. त्यामुळे डागाचा रंग जातो, घाणीचा वास जातो आणि जंतूचं अंगच मोडतं. पण त्याला आपपर भाव नाही. रक्त-पू समोर आलं तर सगळी ताकद त्यावरच खर्ची पडते, जंतूपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी घाण पुसायची, मग औषध. डबा उघडा राहिला तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि राहतो नुसता चुना. द्रावण पातळ झालं तर जंतू मरत नाहीत, जास्त कडक झालं तर हात सोलतात. टक्केवारीचं गणित येतं ते इथे. आणि संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आता दवाखान्यात हातांना साबण नाहीतर अल्कोहोलचं द्रावण वापरतात, ब्लीच ठेवतात ते फरशीला आणि सांडलेल्या रक्ताला.

तर विद्यार्थी कुरकुरले, हातांची आग होते म्हणाले. पण एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या, त्या जूनमध्ये दोनवर आल्या. ऑक्टोबरात एक धक्का बसला. गर्भाशयाच्या कॅन्सरची एक बाई वॉर्डात होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या बायकांकडे गेले, मध्ये फक्त साबण वापरला. त्या बारापैकी अकराजणी गेल्या! म्हणजे दोष एकट्या प्रेताचा नव्हता, जिवंत माणसाच्या जखमेतूनही विष येत होतं. तेव्हापासून प्रत्येक बाईला हात लावण्याआधी क्लोरीन. १८४८ साली दोन महिने तर असे गेले की पहिल्या वॉर्डात एकही बाई दगावली नाही.

एवढं झाल्यावर हारतुरे मिळायला हवे होते. पण वरिष्ठ प्रोफेसर क्लाइन यांना ते पटलं नाही. डॉक्टरांचेच हात बाया मारतात, हे कोण कबूल करणार? १८४९ मध्ये नोकरीची मुदत वाढवून दिली नाही. पुढच्या वर्षी शिकवायची परवानगी दिली तीही फक्त बाहुलीवर. अपमान सहन न होऊन ते मित्रांचा निरोपही न घेता पेस्टला निघून गेले. तिथे सेंट रोकुस दवाखान्यात बिनपगारी काम घेतलं. सहा वर्षांत ९३३ बाळंतपणं, गेल्या फक्त आठ.

त्यांचंही चुकलंच थोडं. आपलं म्हणणं वेळेवर लिहून काढलं नाही. पुस्तक आलं १८६१ मध्ये, चौदा वर्षांनी. जंतू तेव्हा ठाऊक नव्हते, त्यामुळे क्लोरीन नेमकं काय करतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. टीका झाली तशी त्यांनी मोठमोठ्या डॉक्टरांना जाहीर पत्रं लिहून खुनी ठरवलं. बायका मरताना ज्यानं पाहिल्या त्याचा संताप समजतो, पण त्यानं माणसं आणखी दूर गेली.

१८५७ मध्ये त्यांचं मारिया वाइडेनहोफर हिच्याशी लग्न झालं. पाच मुलं झाली, दोन तान्ही असतानाच गेली. १८६५ पर्यंत सेमेलवाइस यांचं वागणं पार बिघडलं होतं. नवा दवाखाना दाखवतो असं सांगून त्यांना व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात नेलं. पळायला बघतात म्हणून रखवालदारांनी मारहाण केली. हातावरची जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि पंधरवड्यातच, १३ ऑगस्ट १८६५ रोजी ते गेले. सत्तेचाळीस वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लानं जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत छापली आणि जग हळूहळू ऐकू लागलं. मारियानं मात्र पुढे आपलं आणि मुलांचं आडनाव बदलून घेतलं. तिनं टाकलेलं ते सेमेलवाइस नाव १९६९ मध्ये बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला दिलं गेलं.