लक्ष्मीबाई टिळक : मातृत्वाच्या अंगाने एक चरित्रविचार

लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनाकडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी म्हणून पाहिले आहे. 'स्मृतिचित्रे'ची चर्चा पती-पत्नीच्या विलक्षण सहजीवनापासून सुरू होते आणि बहुधा तेथेच थांबते. शांता गोखले यांनी २०१७ साली केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या उपशीर्षकातही पत्नी हीच ओळख पुढे आली. ही दृष्टी चुकीची म्हणता येणार नाही; परंतु ती अपुरी आहे. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील निर्णायक वळणे पाहिली तर त्या प्रत्येक ठिकाणी कोणते तरी मूल उभे असलेले दिसते, आणि ज्या ग्रंथामुळे आपण त्यांना ओळखतो तो ग्रंथही मुलाच्या आग्रहातूनच जन्मला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे घरची मनू. आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडात फाशी झाली. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे असे काही विकोपाला गेले की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घेता येत नसे. या छळाचे वर्णन त्यांनी पुढे हसत हसत केले. मात्र त्या हसण्यामागे घरभर धाकात वावरणारी आई आणि मुले आहेत, हे वाचकाने विसरू नये. अकराव्या वर्षी लग्न झाले. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, पतीकडून.

टिळक एका ठिकाणी फार काळ टिकणारे नव्हते आणि पैसा त्यांच्या हाती टिकत नव्हता. संसार पुनःपुन्हा मांडावा आणि पुनःपुन्हा मोडावा, असा तो काळ. अपत्यवियोगाचे दुःखही याच काळात वाट्याला आले. १८९१ मध्ये देवदत्त जन्मला. म्हणून हा दत्तू केवळ लाडका मुलगा नव्हता. हाती राहिलेला तो एकमेव ठेवा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दत्तू चार वर्षांचाही नव्हता.

पुढची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील सर्वांत कठीण वर्षे होत. धर्मांतर करणारा पती जिवंत असूनही समाजाच्या लेखी नसल्यासारखा. बाईला ना सौभाग्यवतीची प्रतिष्ठा, ना विधवेची निश्चिती. पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने त्या राहिल्या, आजारी पडल्या, मनाने खचल्या. टिळकांची पत्रे येत होती. नवऱ्याकडे जावे तर धर्म जातो, न जावे तर मुलाचा बाप जातो. हा पेच केवळ पत्नीचा नव्हता. स्वतःच्या सुखदुःखाचा हिशेब त्यांनी कदाचित वेगळा केला असता; मुलाला बापापासून कायमचे तोडण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न मात्र टाळता येण्याजोगा नव्हता.

शेवटी त्या पतीकडे गेल्या, पण स्वतःच्या अटींवर. नगरला आरंभी त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले सोवळे वेगळे ठेवले. ख्रिस्ती नवरा आणि ब्राह्मण बायको एका गावात वेगवेगळ्या चुली मांडून राहतात, आणि मूल दोन्हीकडे वावरते, अशी ती अवस्था होती. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नाशी त्या स्वतःच्या बुद्धीने झगडल्या. उत्तर सापडताच कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरफटत गेलेली स्त्री असे त्यांचे चित्र रंगवणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा: जात आधी गेली, धर्म नंतर बदलला, आणि दोन्हींमध्ये टिळकांच्या आग्रहापेक्षा त्यांचा स्वतःचा विचार अधिक होता.

यानंतरचे घर हे दत्तूचे एकट्याचे राहिले नाही. तारा ही मानलेली मुलगी घरात आली. दुष्काळाने पोरकी झालेली मुले आली. नगरला प्लेग आला तेव्हा छावणीतील मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. आणि पुढे बालकवी ठोंबरे आले. दत्तूपेक्षा वर्षभराने मोठा असलेला हा हळवा, क्षणात रुसणारा कवी टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. टिळकांनी त्याच्यातील कवी जोपासला, हे सर्वज्ञात आहे. त्याचे रुसवे काढणे आणि त्याला जेवू घालणे ही कामे कोणाची होती, हे वाङ्मयेतिहासात सहसा नोंदले जात नाही. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. हा आघात लक्ष्मीबाईंना पोटच्या मुलाच्या मृत्यूसारखा होता. वर्षभरानंतर, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले.

वैधव्यानंतरची सतरा वर्षे 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला तुलनेने फिकी वाटतात. चरित्रदृष्ट्या ती तशी नाहीत. मुलगा, सून, नातवंडे यांच्यासह काही काळ कराचीत आणि अखेरीस नाशिकला त्या राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायना'चे आरंभीचे मोजकेच अध्याय लिहिले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंडही धड न पाहिलेल्या, नातवंडांत रमलेल्या वृद्धेने उतारवयात एवढी ओवीरचना करावी, याचा विचार मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

'स्मृतिचित्रे'चा उगमही याच घरात आहे. वडिलांचे चरित्र लिहिण्यासाठी देवदत्तांनी आईला आठवणी लिहावयास सांगितल्या. त्या 'संजीवनी'तून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९३४ पासून भागशः ग्रंथरूपात आल्या. या निवेदनाची तऱ्हा लेखी गद्याची नाही. एखाद्या आजीने भोवती बसलेल्यांना सांगावे, मध्येच स्वतःलाच हसावे, दुःखाच्या प्रसंगी फार न रेंगाळता पुढे जावे, अशी ती आहे. ज्याला सांगायचे त्याच्या वडिलांविषयी सांगायचे आहे, ही जाणीव या शैलीच्या मुळाशी असावी. टिळकांचा लहरीपणा त्या लपवत नाहीत, पण मुलापुढे बापाचा उपमर्दही करीत नाहीत. तक्रारीचे रूपांतर विनोदात होते ते या दुहेरी बंधनामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लक्ष्मीबाईंच्या विनोदाला केवळ स्वभावाची देणगी मानणे म्हणजे त्यामागील संयमाची किंमत कमी करणे होय.

येथे संहितेचा एक प्रश्न उभा राहतो. लक्ष्मीबाई लिहीत होत्या आणि देवदत्त ते छापण्याजोगे करीत होते. मग आईचा शब्द कोठे संपतो आणि मुलाचा हात कोठे सुरू होतो? पहिल्या तीन भागांपुरता हा प्रश्न ग्रंथातील एकसंध आवाजामुळे फारसा जाणवत नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. चौथा भाग देवदत्तांनी पूर्ण केला आणि तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. 'ख्रिस्तायना'चा शेवटचा अध्यायही देवदत्तांचाच. पुढे 'स्मृतिचित्रे'च्या संपादनाचे काम नातू अशोक टिळक यांनी हाती घेतले.